लघवीत सापडलेलं आर्सेनिक नेमकं कोणतं?

समजा, एका माणसाच्या लघवीत लिटरमागे 200 मायक्रोग्रॅम आर्सेनिक निघालं आणि दुसऱ्याच्या लघवीत 60. काळजी कोणाची करायची? नुसता आकडा पाहून पहिल्याचं नाव घेतलं तर फसगत होऊ शकते. पहिल्याने आदल्या रात्री समुद्रातले मासे नि कोळंबी चापलेली असेल आणि दुसरा वर्षानुवर्षं आर्सेनिक असलेल्या विहिरीचं पाणी पीत असेल, तर चिंता दुसऱ्याची. माशांतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबीटाइन या रूपात असतं. ते शरीरात येतं, कोणाच्या अध्यातमध्यात पडत नाही आणि जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. विहिरीच्या पाण्यातलं आर्सेनिक असेंद्रिय, म्हणजे जुन्या मराठीतला सोमल ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातलं. शरीराला झुंजावं लागतं ते याच्याशी.

म्हणून या विषयात काम करणाऱ्या प्रयोगशाळांना 'किती?' हा प्रश्न अर्धाच वाटतो. खरा प्रश्न 'कोणतं?' आणि तो विचारायला सोपा असला तरी उत्तर मिळवताना नाकी नऊ येतात. कारण आर्सेनिकची काही रूपं इतकी चंचल असतात की कुपी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती बदललेली असतात.

आधी शरीर काय करतं ते पाहू. दारू किंवा औषधाची गोळी पोटात गेली, तर यकृत तिचे रेणू तोडून मोकळं होतं. आर्सेनिक पडलं मूलद्रव्य. त्याचे तुकडे होत नाहीत, ते जळून जात नाही. शरीर फार तर त्याचे कपडे बदलू शकतं. पाण्यातून येणारं आर्सेनिक बहुतेक दोन रूपांत असतं: संयुजा 5 असलेलं आर्सेनेट आणि संयुजा 3 असलेलं आर्सेनाइट. आर्सेनेट दिसायला फॉस्फेटसारखं, त्यामुळे पेशीच्या ज्या दारातून फॉस्फेट आत जातं त्याच दारातून तेही घुसतं. आत गेल्यावर त्याचं आर्सेनाइट होतं. मग यकृतातलं एएस3एमटी नावाचं एन्झाइम त्याला एक मिथिल गट चिकटवतं, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. हा गट मिळतो एस-ॲडेनोसिलमेथिओनीन, थोडक्यात 'सॅम', या रेणूकडून. एक मिथिल लागला की एमएमए तयार होतं, दुसरा लागला की डीएमए. असेंद्रिय आर्सेनिकच्या संपर्कातल्या माणसाच्या लघवीत साधारणपणे 60 ते 80 टक्के डीएमए, 10 ते 20 टक्के एमएमए आणि 10 ते 30 टक्के न बदललेलं असेंद्रिय आर्सेनिक सापडतं.

या मार्गाचा नकाशा प्रथम मांडला गेला तो माणसाच्या यकृतावरून नव्हे, बुरशीवरून. एकोणिसाव्या शतकात युरोपात भिंतीच्या कागदांना आर्सेनिकचा हिरवा रंग देत. ओल येऊन त्यावर बुरशी धरली की खोलीत लसणासारखा वास सुटे. इटलीतल्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी दाखवलं की हा वायू बुरशीच तयार करते. पुढे 1930च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजर यांनी तो ट्रायमिथिलआर्साइन असल्याचं ओळखलं आणि मिथिल गट एकेक करून कसे लागत असावेत याची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली. आज माणसाच्या शरीरातलं आर्सेनिक समजावताना जी आकृती काढतात, ती मुळात या बुरसटलेल्या भिंतींची देणगी आहे. तिच्यावर वाद आहेतच. आर्सेनिक आधी पेशीतल्या ग्लुटाथायोन या गंधकयुक्त रेणूला बांधलं जातं आणि मिथिल मग लागतो, अशी दुसरी मांडणी 2005मध्ये पुढे आली.

पूर्वी समजूत अशी होती की मिथिल लागला म्हणजे विष उतरलं. ती अर्धीच खरी ठरली. डीएमए लघवीतून लवकर बाहेर पडतं हे खरं. पण वाटेत जे त्रिसंयुजी एमएमए तयार होतं, ते पेशींसाठी मूळ आर्सेनाइटपेक्षाही जहाल असतं. म्हणजे घरातला चोर बाहेर घालवताना मधल्या दारात त्याच्या हाती सुरी द्यावी, तसला प्रकार. प्रयोगशाळेला पकडायचा असतो तो मुख्यतः हा सुरीवाला, आणि पकडायला सर्वांत अवघडही तोच.

अवघड का, ते नमुना घेतानाच कळतं. त्रिसंयुजी मिथिल रूपांना हवेतला ऑक्सिजन लागला की ती पंचसंयुजी होतात. डीएमएचं त्रिसंयुजी रूप तर लघवीत काही तासही धड टिकत नाही. मग कुपी लगेच कोरड्या बर्फात ठेवायची आणि उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये न्यायची. धातूंच्या नेहमीच्या तपासणीत नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालतात, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाही. इथे ती सवय महागात पडते. एकूण आर्सेनिकचा आकडा बरोबर येतो, पण कोणतं रूप किती होतं ही माहिती पुसली जाते. नमुना देणाऱ्यालाही आधी तीन-चार दिवस समुद्री खाणं वर्ज्य करायला सांगतात. आर्सेनोबीटाइन वेगळं ओळखता येतं, त्याचा त्रास कमी. खरा घोळ घालतात समुद्री शेवाळातल्या आर्सेनोशर्करा. शरीर त्यांचं रूपांतर डीएमएमध्ये करतं, आणि लघवीतलं डीएमए पाण्यातून आलं की ताटातून, हे त्या रेणूवर लिहिलेलं नसतं.

लघवी कधी पातळ, कधी दाट. त्यामुळे आकड्याची तुलना करण्याआधी तो सुधारून घ्यावा लागतो. सर्वसाधारण रीत क्रिएटिनिनशी, म्हणजे स्नायूंतून निघून लघवीत उतरणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाशी, गुणोत्तर काढण्याची. इथे एक सूक्ष्म गोम आहे. क्रिएटिनिन ज्या क्रिएटिनपासून बनतं, ते बनवायलाही शरीर त्याच सॅमकडून मिथिल गट घेतं. म्हणजे ज्या मापाने मोजायचं, ते मापच मोजल्या जाणाऱ्या गोष्टीशी नातं ठेवून आहे. म्हणून अनेक अभ्यासक लघवीच्या विशिष्ट घनतेने आकडा सुधारणं पसंत करतात. मला तेच बरं वाटतं.

आता यंत्राकडे. सर्वांत जास्त वापरली जाते ती दोन यंत्रांची जोडगोळी. पहिलं एचपीएलसी, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफी. बारीक कणांनी ठासून भरलेल्या एका नळीतून, जिला कॉलम म्हणतात, लघवीचा थेंबभर नमुना दाबाने ढकलला जातो. कॉलममधल्या कणांवर धन विद्युतभार असतो. त्यामुळे ऋण भार असलेली रूपं त्यांना कमी-जास्त चिकटत चिकटत पुढे सरकतात. ज्याला फारसा ऋण भार नाही ते लवकर सुटतं. आर्सेनेट सगळ्यांत जास्त रेंगाळतं आणि बहुधा शेवटी बाहेर पडतं. काही मिनिटांच्या अंतराने एकेक रूप बाहेर येतं आणि थेट दुसऱ्या यंत्रात, आयसीपी-एमएसमध्ये, जातं.

तिथे आर्गॉन वायूचा प्लाझ्मा, म्हणजे आयनांनी भरलेला अतितप्त वायू, पेटलेला असतो. त्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाइतकं किंवा त्याहून जास्त. त्या ज्वाळेत रेणू नावाची गोष्ट उरत नाही. एमएमए असो वा डीएमए, सगळ्यांचे सुटे अणू होतात, अणूंचे आयन होतात आणि ते वस्तुमानानुसार मोजले जातात. थोडक्यात, हे यंत्र रूपाच्या बाबतीत आंधळं आहे. त्याला फक्त 'आर्सेनिक आलं, इतकं आलं' एवढंच कळतं. रूप ओळखायचं काम आधीच कॉलमने केलेलं असतं, आणि तेही केवळ बाहेर पडण्याच्या वेळेवरून. पडद्यावर सपाट रेघ चालते, मध्येच टेकडीसारखी वर येते, खाली उतरते, पुन्हा वर येते. प्रत्येक टेकडी एक रूप, आणि टेकडीचं क्षेत्रफळ म्हणजे त्याचं प्रमाण.

लघवी मोजताना इथे एक गंमतशीर अडचण येते. निसर्गात आर्सेनिकचा एकच स्थिर समस्थानिक आहे, वस्तुमान 75. लघवीत मीठ, मिठात क्लोरीन. क्लोरीनचं वस्तुमान 35 आणि प्लाझ्मामधल्या आर्गॉनचं 40. दोघांची जोडी जमली की वस्तुमान होतं बरोबर 75! यंत्राला ही जोडी आर्सेनिक वाटते, आणि खारट लघवीच्या माणसाला फुकटचं विष चिकटतं. यावर तोडगा असा काढला की आयनांच्या वाटेत हेलियम वायूने भरलेली एक छोटी कोठडी ठेवायची. दोन अणूंची जोडी आकाराने मोठी असल्यामुळे हेलियमवर जास्त वेळा आदळते आणि तिची ऊर्जा गळते. पुढचा उंबरठा एवढा ठेवायचा की एकटं आर्सेनिक तो ओलांडेल, दमलेली जोडी मागे राहील. दुसरी युक्ती म्हणजे कोठडीत ऑक्सिजन सोडायचा. आर्सेनिक ऑक्सिजनचा एक अणू घेऊन 91 वस्तुमानाचं होतं आणि मोजणी तिथे करता येते. आर्गॉन-क्लोरीनची जोडी 75वरच राहते.

वेळेवरून ओळख पटवण्यात धोका उघड आहे. ज्या रूपाचा शुद्ध नमुना प्रयोगशाळेकडे नाही, त्याची टेकडी अनोळखी राहते. किंवा ते रूप दुसऱ्याच्या टेकडीत लपतं. गंधकयुक्त डीएमए, म्हणजे थायो-डीएमए, हे बराच काळ असंच निसटत राहिलं. काही रूपं तर कॉलमलाच घट्ट चिकटून बसतात, बाहेरच येत नाहीत. म्हणून चोख प्रयोगशाळा सगळ्या टेकड्यांची बेरीज करून ती वेगळ्या मोजलेल्या एकूण आर्सेनिकशी ताडून पाहते. बेरीज कमी भरली तर काहीतरी हरवलं आहे. शिवाय प्रमाणित नमुना सोबत चालवतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची गोठवलेली मानवी लघवी, क्रमांक 2669, खास याच कामासाठी आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक रूपाचं प्रमाण आधीच ठरवून दिलेलं आहे. कुठल्याही शोधनिबंधात मी आधी या पडताळणीचा तक्ता शोधतो. तो नसेल, तर पुढच्या सुंदर आलेखांवर माझा जीव बसत नाही.

दुसरी पद्धत जुन्या वळणाची, पण मला जास्त आवडणारी. तिचं मूळ 1836 सालात आहे. इंग्लंडमधल्या जेम्स मार्श यांनी विषप्रयोग ओळखण्यासाठी एक चाचणी काढली: संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचं, आर्सेनिक असेल तर त्याचा आर्साइन वायू होऊन उडतो, तो तापवला की थंड काचेवर काळा चकचकीत डाग पडतो. 1840मध्ये फ्रान्समधल्या मारी लाफार्ज खटल्यात ही चाचणी गाजली. आजच्या पद्धतीत जस्ताच्या जागी सोडियम बोरोहायड्राइड असतं, पण तत्त्व तेच: आर्सेनिकला वायू बनवून घाणेरड्या नमुन्यातून उचलायचं.

पुढची कारागिरी डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, आत बारीक दाणे भरलेले, आणि ती नळी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली. नमुन्यातून निघणारे सगळे वायू तिथे येऊन गोठतात. मग नळी बाहेर काढून हळूहळू तापवायची. असेंद्रिय आर्सेनिकपासून झालेला आर्साइन उणे 62 अंशांच्या आसपासच उकळतो, तो सर्वांत आधी सुटतो. एमएमएपासून झालेला मिथिलआर्साइन साधारण 2 अंशांवर, डीएमएचा डायमिथिलआर्साइन 36च्या आसपास. प्रत्येक जण आपापल्या उकळबिंदूची वाट पाहत रांगेत उभा. बाहेर पडणारा वायू तापवलेल्या नळीत अणूंमध्ये फुटतो आणि 193.7 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला यावरून मोजला जातो. आर्साइन वायू स्वतः अत्यंत विषारी असल्याने हे सगळं धूरखेच कपाटात चालतं.

ही पद्धत त्या सुरीवाल्याला पकडते ती एका साध्या युक्तीने. द्रावणाचा पीएच 6च्या आसपास ठेवला, तर फक्त त्रिसंयुजी रूपं वायू बनतात, पंचसंयुजी जागच्या जागी राहतात. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या वाट्यात आधी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल घातलं, तर सगळी रूपं त्रिसंयुजी होतात आणि सगळ्यांचाच वायू होतो. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की संयुजेचा हिशोब हातात. नमुना कॉलममधून ढकलावा लागत नाही, पेशींचा लगदाही तसाच चालतो, त्यामुळे चंचल रूपांना बदलायला वेळ कमी मिळतो. आर्सेनोबीटाइन तर या रसायनाला दादच देत नाही, वायू बनत नाही, म्हणून माशांचा गोंधळही आपोआप टळतो. उणीव हीच की जे वायू बनत नाही ते या पद्धतीच्या लेखी अस्तित्वातच नाही.

केस आणि नखं यांचाही उपयोग होतो. त्यांच्यातल्या केराटिनमधल्या गंधकाला आर्सेनिक चिकटतं आणि महिनोन्महिन्यांची नोंद राहते. पण आंघोळीच्या पाण्यातलं आर्सेनिकही बाहेरून चिकटतं. चयापचय कसा चालला हे सांगायला लघवी आणि रक्तच लागतं.

इथवर जे सांगितलं ते निकालाचं मोजमाप. वाटेत काय घडतं ते बघायचं तर खुणेचं आर्सेनिक वापरतात: किरणोत्सारी आर्सेनिक-73, अर्धायुष्य सुमारे 80 दिवस, किंवा आर्सेनिक-74, सुमारे 18 दिवस. 1980मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात सहा निरोगी पुरुषांना आर्सेनिक-74ची अत्यल्प मात्रा देऊन त्यांच्या संपूर्ण शरीरातून येणारे किरण दिवसामागून दिवस मोजले. उतार एकसारखा नव्हता. सुमारे 66 टक्के आर्सेनिक 2 दिवसांच्या अर्धायुष्याने गेलं, 30 टक्के साडेनऊ दिवसांच्या, आणि उरलेलं जेमतेम 4 टक्के 38 दिवसांच्या. थोडंसं आर्सेनिक कुठेतरी दडी मारून बसतं, हे या चिमूटभर शेवटच्या आकड्याने दाखवलं. मात्र किरण मोजून आर्सेनिक किती उरलं ते कळतं, कोणत्या रूपात ते कळत नाही. पुन्हा तीच अडचण.

मिथिल लावणारं एएस3एमटी हे एन्झाइम मिळालं ते 2002मध्ये, रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, यकृतातून. ते शुद्ध करून घेतल्यावर परीक्षानळीत नुसतं एन्झाइम, आर्सेनाइट, सॅम आणि एखादं क्षपणक एवढंच घालून काय होतं ते पाहता येऊ लागलं. सॅमच्या मिथिल गटात किरणोत्सारी हायड्रोजन घातला तर तो गट कुठे जाऊन बसला तेही दिसतं. पेशींच्या पातळीवर दात्यांच्या यकृतातून काढलेल्या ताज्या पेशी सर्वांत विश्वासू. त्यांच्यात दोन गोष्टी दिसल्या. दात्या-दात्यागणिक मिथिल लावण्याचा वेग वेगळा. आणि आर्सेनिकची मात्रा वाढवत नेली की दुसरी पायरी आधी तुंबते, डीएमए घटून एमएमए साचत जातं. मूत्राशयाच्या अस्तराच्या युरोटीएसए या पेशी मुळात मिथिल लावतच नाहीत. त्यांच्यात एएस3एमटीचं जनुक घातलं की लावायला लागतात. एक जनुक आलं आणि काम सुरू झालं, यापेक्षा सरळ पुरावा कुठला?

प्राण्यांनी मात्र संशोधकांना चांगलंच चकवलं. रॅटच्या हिमोग्लोबिनमध्ये एका ठिकाणी असं सिस्टीन आहे की त्रिसंयुजी डीएमए त्याला घट्ट धरून बसतं. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये त्या जागी ते नाही. परिणामी रॅटच्या तांबड्या पेशी त्या मरेपर्यंत आर्सेनिक सांभाळतात आणि लघवीचं चित्र बिघडतं. प्रयोगशाळेतला लाडका प्राणी या विषयापुरता जवळपास बाद. माऊस, म्हणजे लहान उंदीर, उलट फारच चपळ. माणसापेक्षा भराभर मिथिल लावून मोकळा होतो. आणि मार्मोसेट माकडं? ती मिथिल लावतच नाहीत. आपला जवळचा नातेवाईक चिंपांझीही नाही. दोघांचंही एएस3एमटीचं जनुक मोडकं आहे. शेवटी काही संशोधकांनी उंदरातलं हे जनुक काढून त्या जागी माणसाचं बसवलं. या उंदरांच्या लघवीतलं रूपांचं प्रमाण माणसाच्या जवळ आलं. आतड्यातल्या जिवाणूंचा वाटा तपासायला मोठ्या आतड्याची नक्कल करणारी काचपात्रांची मालिकाही वापरतात. तिथे मिथिलयुक्त आणि गंधकयुक्त दोन्ही रूपं तयार होताना दिसली, म्हणजे यकृताच्या आधीच कुणीतरी हात मारून ठेवलेला असू शकतो.

या सगळ्या खटाटोपाचा माणसांवर खरा कस लागला तो दोन ठिकाणी. अर्जेंटिनात अँडीज पर्वतातल्या सान अंतोनिओ दे लोस कोब्रेस या गावाच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या आर्सेनिक आहे. 1995मध्ये तिथल्या स्त्रियांच्या लघवीत एमएमएचं प्रमाण जगात इतरत्र दिसतं त्याहून बरंच कमी आढळलं, अवघे काही टक्के. पुढे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा एएस3एमटीच्या आसपास नैसर्गिक निवडीच्या खुणा मिळाल्या. ज्यांचं शरीर मधल्या दारात कमी रेंगाळतं, त्यांची वंशवेल तिथे जास्त वाढली असावी.

दुसरं ठिकाण बांगलादेश. तिथे शरीरात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व कमी असलेल्या लोकांना 12 आठवडे रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) किंवा दिसायला तशीच पण रिकामी गोळी दिली. फोलेटच का, तर सॅमसाठी लागणारे मिथिल गट पुरवण्यात त्याचा हात असतो. फोलिक ॲसिड घेणाऱ्यांच्या रक्तातलं एकूण आर्सेनिक सुमारे 14 टक्क्यांनी उतरलं, रिकामी गोळी घेणाऱ्यांचं अडीच टक्क्यांच्या आसपास. एवढ्यावर थांबले असते तर हा एक बरा आकडा ठरला असता. त्यांनी रक्तातली रूपंही वेगळी मोजली. एमएमए 22 टक्क्यांनी खाली आलं होतं.